बंगालपर्यंतची नळी

आंतरजालावर जुनी चित्रे धुंडाळणाऱ्यांच्या हाती एक चित्र हटकून लागते. विल्यम हीथ नावाच्या इंग्रज व्यंगचित्रकाराने ते १८२९ साली काढले आणि त्याला 'मार्च ऑफ इंटलेक्ट' असे नाव दिले. मराठीत 'बुद्धीची आगेकूच' म्हणता येईल. चित्रात इतकी गर्दी आहे की डोळा कोठे ठरत नाही. वाफेवर चालणारा यांत्रिक घोडा धावतो आहे. वटवाघळासारख्या पंखांचे एक अवाढव्य यंत्र कैद्यांना घेऊन ऑस्ट्रेलियाकडे उडत निघाले आहे. आणि एका बाजूला एक प्रचंड नळी आहे. या नळीच्या मालकीण कंपनीचे नाव पाटीवर ठळकपणे लिहिले आहे. मराठीत ते 'महानिर्वात नलिका कंपनी' असे होईल. नळी थेट बंगालपर्यंत जाते, अशी हमीही तेथेच दिली आहे.

हे चित्र पाहून लोक दोन तऱ्हांनी हसतात. काहींना गंमत वाटते ती जुन्या माणसांच्या भोळेपणाची: काय एकेक कल्पना असत या लोकांच्या! दुसऱ्यांना त्यात भविष्यवाणी दिसते. निर्वात नळीतून माणसे भिरकावण्याची हायपरलूपची कल्पना दोनशे वर्षांपूर्वीच सुचली होती म्हणून ते थक्क होतात आणि चित्र पुढे धाडतात. या दोन्ही प्रतिक्रियांच्या मुळाशी एकच समजूत आहे. ती अशी, की नळी ही हीथच्या डोक्यातून निघालेली होती. आम्हांस हे चित्र महत्त्वाचे वाटते ते ही समजूत खोटी आहे म्हणून.

लंडनच्या जॉर्ज मेडहर्स्टने हवेच्या दाबाने नळीतून पत्रे आणि माल पाठवण्याची योजना १८१० साली पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केली होती. दोन वर्षांनी आणखी एक पुस्तिका काढून त्याने आपल्या पद्धतीची गणिते मांडली. १८२४ मध्ये जॉन व्हॅलन्स याने नळीतून माणसे नेण्याचे पेटंट घेतले, ब्रायटन येथे एक आखूड नळी प्रत्यक्ष बांधली आणि तीतून माणसांना फिरवूनही दाखवले. म्हणजे हीथ भविष्य सांगत नव्हता, तो वर्तमानपत्र वाचत होता. त्यात १८२५ साली लंडनच्या बाजारात नाना प्रकारच्या कंपन्यांचे फुगे फुटून हाहाकार उडाला होता. त्या आठवणी ताज्या असताना काढलेल्या या चित्रातला सर्वांत बोचरा शब्द 'नलिका' नसून 'कंपनी' हा आहे. यंत्र चालेल की नाही हे हीथला ठाऊक नव्हते. यंत्राच्या आधी पाटी लागते आणि तिच्याखाली रांग लागते, हे मात्र त्याने पाहिलेले होते.

त्याच्या हसण्यात एक कडवट छटाही होती. कारागीर-कामकऱ्यांसाठी व्याख्याने, संस्था आणि स्वस्त पुस्तके सुरू झाल्याचा तो काळ. खालच्या वर्गाने शिकून शहाणे होणे अनेक प्रतिष्ठितांना रुचत नव्हते आणि 'बुद्धीची आगेकूच' हा वाक्प्रयोग ते उपहासाने करीत. त्या उपहासाचा अंश या चित्रातही आहे. तेव्हा हीथला द्रष्टा ठरवण्याची घाई नको.

आणि बंगालच का? लंडनच्या वाचकाला बंगाल म्हणजे कंपनी सरकारचा मुलूख, केपला वळसा घालून चारपाच महिन्यांच्या समुद्रप्रवासानंतर येणारा. अंतराचे याहून ठसठशीत उदाहरण त्याला मिळाले नसते. इकडे मुंबई इलाख्यात त्या सुमारास अंतर तोडण्याचे एक निराळे काम चालू होते. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० साली, बोरघाटातून चाकाची वाहने जातील असा रस्ता खुला झाला. त्याच घाटावर नळी पुढे एकदा येणार होती, पण ती कथा क्रमाने सांगू.

नळीमागचे तत्त्व साधे आणि बिनचूक आहे. नळीतील हवा एका टोकाने उपसून घेतली की दुसऱ्या टोकाची बाहेरची हवा आत घुसू पाहते आणि वाटेत बसवलेला दट्ट्या पुढे ढकलते. मोठ्या नळीत माणसे बसवण्याची अडचण सॅम्युएल क्लेग आणि सामुदा बंधू यांनी १८३०च्या दशकाच्या अखेरीस सोडवली. त्यांनी नळी लहान केली आणि ती दोन रुळांच्या मधोमध ठेवली. दट्ट्या नळीत आणि गाडी बाहेर मोकळ्यावर. दोघांना जोडणारा दांडा सरकावा म्हणून नळीच्या माथ्यावर लांबच लांब चीर, आणि चिरेतून हवा शिरू नये म्हणून तिच्यावर चामड्याची पट्टी. दांडा येताच पट्टी उचलली जाई, तो गेला की ती पुन्हा बसे, आणि वंगणाच्या लेपाने फट बुजे. वाटेवर ठरावीक अंतराने हवा उपसणारी वाफेची इंजिने बसवलेली असत. गाडीला स्वतःचे इंजिन नाही, त्यामुळे धूर नाही, ठिणग्या नाहीत, वजन कमी आणि चढ चढण्याची ताकद अधिक. आयर्लंडमध्ये डब्लिनजवळ डाल्कीपर्यंतच्या चढावर १८४३ मध्ये अशी गाडी सुरू झाली आणि १८५४ पर्यंत चालली.

ही गाडी पाहून भारावलेल्यांत इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल होता. बोगदे, पूल आणि जहाजे बांधून नाव कमावलेल्या या अभियंत्याने डेव्हन परगण्यातील नव्या रेल्वेसाठी नळीची निवड केली. त्याच डाल्कीची पाहणी करून रॉबर्ट स्टीफन्सनने १८४४ साली प्रतिकूल अहवाल दिला होता. त्याचा आक्षेप तत्त्वाला नव्हता. हा खर्च परवडणार नाही, आणि एकामागून एक ओळीने उभ्या असलेल्या इंजिनांपैकी एक बिघडले तरी सगळी वाट अडेल, असे त्याचे म्हणणे होते. ब्रुनेलने ते मानले नाही.

१८४७च्या सप्टेंबरात एक्सेटर ते टिनमथ या समुद्रकाठच्या मार्गावर नळीची गाडी उतारूंना घेऊन धावू लागली. प्रवाशांनी तिची वाखाणणी केली. डब्यात कोळशाची काजळी येत नव्हती, धक्के बसत नव्हते आणि वेग ताशी साठ मैलांवर जाऊ शकत होता. पुढच्या वर्षी मार्ग न्यूटन ॲबटपर्यंत वाढला. आणि १८४८च्या सप्टेंबरात, एक वर्षही पुरते झाले नसेल तोच, सगळी व्यवस्था मोडीत काढण्यात आली. भागधारकांचे लाखो पौंड बुडाले.

याविषयी आंतरजालावर सर्वांत लोकप्रिय असलेली कथा उंदरांची आहे. चामड्याला लावलेली चरबी उंदरांनी कुरतडून खाल्ली आणि ब्रुनेलचे स्वप्न उंदरांच्या पोटात गेले, असे मोठ्या चवीने सांगितले जाते. कथा गोड आहे, पण तिच्यामुळे खरे कारण झाकले जाते. चामडे उन्हात वाळे, थंडीत कडक होई, पावसात भिजे. त्याला तडे जात आणि लोखंडाच्या संसर्गाने ते कुजे. मैलोगणती लांबीच्या फटीतून हवा शिरू लागली की इंजिनांना अंदाजापेक्षा कितीतरी अधिक कोळसा जाळावा लागे. बरे, गाडी उशिरा निघाली तर पुढच्या इंजिनघराला ते कळणार कसे? तारायंत्राची सोय बहुतेक काळ नव्हतीच. त्यामुळे वेळापत्रकावर डोळा ठेवून, न आलेल्या गाडीसाठी हवा उपसणे चालू राही. शिवाय सांध्यांचा प्रश्न होता. रेल्वेत सांधा म्हणजे एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाण्याची जागा. साध्या रेल्वेला सांधा बदलणे हातचा मळ. मधोमध नळी असलेल्या मार्गाला तो जवळजवळ अशक्य. गाडी सरळ धावण्यात पटाईत होती. तिला वळवणे, बाजूला काढणे, उलटी जोडणे ही स्थानकातली नित्याची कामे घोड्यांच्या, दोरांच्या नाहीतर साध्या इंजिनांच्या मदतीने उरकावी लागत.

आता विचार करा. निर्वाताचे तत्त्व खोटे ठरले का? नाही. वेग मिळाला नाही का? मिळाला. नळी हरली ती फटीशी, सांध्याशी आणि निरोपाशी. चित्रात या तिन्हींपैकी एकही दाखवता येत नाही. हीथच्या नळीला फट नाही, ब्रुनेलच्या नळीला मात्र मैलोगणती आहे. नव्या वाहतुकीच्या इतिहासात आम्हांस हा धडा सर्वांत मोलाचा वाटतो: योजना पाहताना नजर वाहनावर खिळते, आणि तिचे आयुष्य ठरते ते जोडांवर.

नळीचा मोह एवढ्याने संपला नाही. १८६४ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या उद्यानात टॉमस रॅमेल याने सुमारे सहाशे यार्डांचा बोगदा बांधून एक सबंध डबा पंख्याच्या वाऱ्याने ढकलून दाखवला. सहा पेन्स दिले की फेरी मिळे, आणि हा खेळ दोन महिने चालला. न्यूयॉर्कमध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' या नियतकालिकाचा संपादक आल्फ्रेड ईली बीच याने परवानगी घेतली टपालाच्या नळ्यांची, आणि ब्रॉडवेच्या पोटात रातोरात माणसे नेण्याजोगा बोगदा खणला. २६ फेब्रुवारी १८७० रोजी तो लोकांना दाखवण्यात आला. लांबी अवघी ३१२ फूट. प्रतीक्षागृह मात्र झुंबर, कारंजे आणि पियानो यांनी सजवलेले. पंचवीस सेंट देऊन लोक या टोकाहून त्या टोकाला गेले आणि परत आले. पहिल्या वर्षी चार लाख फेऱ्या झाल्या म्हणतात. १८७३ची आर्थिक मंदी आली आणि बोगदा बंद पडला. चार लाख फेऱ्या झाल्या खऱ्या, पण त्यांपैकी एकाही माणसाला कोठे जायचे नव्हते. जत्रेतला पाळणा आणि शहराची वाहतूक यांत नेमके हेच अंतर आहे.

नळी सर्वस्वी फसली असे मात्र म्हणता येणार नाही. मेडहर्स्टच्या पहिल्या पुस्तिकेतले पत्रे आणि माल हे शब्द आठवावेत. १८५३ साली लंडनच्या शेअरबाजारापासून तारकचेरीपर्यंत दोनेकशे यार्डांची नळी घातली गेली आणि कागद हवेच्या जोराने धावू लागले. पॅरिसमध्ये १८६६ पासून १९८४ पर्यंत, म्हणजे सव्वाशे वर्षांच्या आसपास, चिठ्ठ्यांचे टपाल जमिनीखालच्या नळ्यांतून जात होते. प्रागमधील नळ्यांचे जाळे २००२च्या महापुराने निकामी होईपर्यंत वापरात होते. आजही मोठ्या रुग्णालयांत रक्ताचे नमुने अशाच नळ्यांतून प्रयोगशाळेत पोहोचतात. कागदाला श्वास घ्यावा लागत नाही, कुपी अडकली तर तो घाबरत नाही, आणि बोटभर रुंदीच्या नळीचे जोड घट्ट ठेवणे आवाक्यातले असते. योग्य मापाचे काम मिळताच तीच कल्पना इमानाने राबली. गंमत अशी की नळीच्या या यशाचे चित्र कोणी पुढे धाडीत नाही.

विसाव्या शतकात नळीला नवे बळ मिळाले. अमेरिकी रॉकेटतज्ज्ञ रॉबर्ट गॉडर्ड याने विद्यार्थिदशेत निर्वात नळीतील प्रवासाचा विचार मांडला होता. त्याच्या मृत्यूनंतर, १९५० साली, त्याचे पेटंटही मंजूर झाले. फरक मोठा होता. आता हवा गाडीला ढकलणार नव्हती. गाडी चुंबकांच्या आधाराने अधांतरी धावणार आणि हवेचा अडथळा नको म्हणून नळी रिकामी करायची. २०१३च्या ऑगस्टमध्ये इलॉन मस्क यांनी सत्तावन्न-अठ्ठावन्न पानांचा मसुदा प्रसिद्ध करून 'हायपरलूप' हे नाव रूढ केले. त्यांची रचना संपूर्ण निर्वाताऐवजी विरळ हवेची होती, आणि लॉस एंजेलिस ते सॅन फ्रान्सिस्को हा प्रवास ३५ मिनिटांत होणार होता. त्या मसुद्यातला एक आकडा फारसा कोणी उद्धृत केला नाही. एका कुपीत २८ माणसे, सरासरी दर दोन मिनिटांना एक कुपी. म्हणजे एका दिशेने तासाला ८४०. मुंबईच्या गर्दीच्या वेळी बारा डब्यांची एकच लोकल याच्या कितीतरी पट माणसे घेऊन येते. शहरांमधला प्रवास आणि शहरातला प्रवास यांची तुलना काटेकोर नव्हे हे आम्ही जाणतो. पण वेगाचा आकडा सर्वतोमुखी असावा आणि वाहून नेण्याच्या क्षमतेचा कोणाच्या गावीही नसावा, हे सूचक आहे.

फेब्रुवारी २०१८ मध्ये ही नळी आपल्या दाराशी आली. मुंबईत भरलेल्या गुंतवणूक परिषदेत महाराष्ट्र शासन आणि व्हर्जिन हायपरलूप वन या कंपनीने पुणे-मुंबई हायपरलूपचा करार जाहीर केला. अंतर पंचवीस मिनिटांत कापले जाणार होते. २०१९ साली राज्य मंत्रिमंडळाने प्रकल्पाला सार्वजनिक पायाभूत सुविधेचा दर्जाही दिला. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील नेवाडाच्या वाळवंटात कंपनीने पाचशे मीटरच्या नळीत दोन माणसे बसवून ताशी १७२ किलोमीटरचा वेग गाठला. २०२२ मध्ये तिने माणसांचा नाद सोडून मालाकडे वळायचे ठरवले, आणि २०२३ सरता सरता कंपनीच बंद झाली. पुणे-मुंबई मार्गावर नळी उभी राहिलीच नाही. संशोधन मात्र थांबलेले नाही, मद्रासच्या आय.आय.टी.त सुमारे चारशे मीटरची चाचणी-नळी उभी आहे. तशा प्रयोगांना कोणी हसू नये. प्रयोगशाळेत चारशे मीटर पुरेसे असतात. घाट चढायचा झाला की तेच पुरत नाहीत.

हीथच्या काळापासून आजपर्यंत एक बदल झाला आहे, आणि तो नळीत नसून चित्रात झाला आहे. १८२९ साली योजना आधी आली आणि तिची खिल्ली उडवायला चित्र मागून आले. आता योजना जन्मतेच चित्र म्हणून. चीनमधील 'मोटारींवरून जाणारी बस' हे याचे बोलके उदाहरण. रस्त्याच्या दोन्ही कडांच्या रुळांवर पाय ठेवून चालणारी, पोटाखालून मोटारी जाऊ देणारी ही बस २०१० साली नमुन्याच्या आणि चलच्चित्रांच्या रूपाने जगभर पोहोचली. २०१६ मध्ये चिन्ह्वांगदाव या शहरात सुमारे तीनशे मीटरच्या मार्गावर ती खरोखर चालवूनही दाखवली गेली. उंच मालमोटारी तिच्याखालून कशा जाणार, चौकात ती वळणार कशी, हे प्रश्न पाहणाऱ्यांनी त्याच दिवशी विचारले. वर्षभरात मार्ग उखडला गेला, आणि बेकायदा निधी गोळा केल्याच्या आरोपावरून तीसहून अधिक लोकांना पोलिसांनी ताब्यात घेतले. चित्र आधी फिरले, पैसा त्याच्यामागून गेला. हीथच्या पाटीवरचा 'कंपनी' हा शब्द येथे पुन्हा वाचावा.

आता बोरघाटाकडे परतू. ब्रुनेलची नळी मोडीत निघाल्यानंतर पाच वर्षांनी, १८५३ मध्ये, बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी गेली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला, पण घाट मधे तसाच उभा होता. पुढची पाच वर्षे उतारू गाडीतून उतरत, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट ओलांडत आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा गाडीत बसत. १८५६ पासून घाटात हजारो मजूर खपत होते. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे आला आणि काही दिवसांतच मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका पुढे चालवला. पटकी, ताप आणि अपघात यांत किती मजूर गेले त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. २१ एप्रिल १८६३ रोजी मार्ग खुला झाला: सुमारे अठराशे फुटांची चढण, सदतिसास एक असा तीव्र उतार, पंचवीस बोगदे. एका ठिकाणी तर वळायला जागाच नव्हती. तेथे गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला लावावे लागे आणि मग ती उलट्या दिशेने पुढे चढे. १८६७ साली याच घाटातला एक मोठा पूल कोसळला आणि तो पुन्हा बांधावा लागला. १९२९ मध्ये नवी आखणी होऊन उलटफेरीचे ते स्थानक गेले, विजेची इंजिने आली, आणि १ जून १९३० पासून दख्खनची राणी धावू लागली. आजही अनेक गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी इंजिने जोडतात. कर्जतच्या वड्याची कीर्ती त्या थांब्याचीच देणगी आहे.

या घाटाचे भविष्यवेधी चित्र कोणी काढले नव्हते. काढले असते तर ते दिसायला ओबडधोबड झाले असते: थांबणारी, उलटी फिरणारी, मागून ढकलली जाणारी गाडी. पण या व्यवस्थेत प्रत्येक अडचणीला एक जोड होता आणि तो जोड सांभाळणारा माणूस होता. पावसाळ्यात दरडी कोसळतात, तेव्हा रुळांवर उभे राहून त्या हटवणारे कामगार आजही आहेत. नळी आणि घाट यांत आम्हांस फरक दिसतो तो हाच. नळीच्या चित्रात वाटेवर माणूसच नाही, आणि घाटाची वाट माणसांवाचून एक दिवस चालत नाही.

म्हणून नव्या शहराचे, नव्या गाडीचे मोहक चित्र समोर आले की त्याला हसण्याची किंवा दिपून जाण्याची घाई करू नये. साधे प्रश्न विचारावेत. तासाला माणसे किती? सांधा कसा बदलणार? मधेच बंद पडली तर आतली माणसे बाहेर कोठून येणार? चामडे वाळले, म्हणजे आजच्या भाषेत जोड सैल पडले, तर ते दुरुस्त कोण करणार, आणि त्या माणसाचा पगार कोणत्या खर्चात धरला आहे? १८४४ साली स्टीफन्सनने याच जातीचे प्रश्न विचारले होते, आणि त्यांत स्वप्नांविषयीचा द्वेष नव्हता. त्याने स्वतः आयुष्यभर रेल्वेच बांधल्या. ज्या योजनेकडे या प्रश्नांची उत्तरे असतील तिचे चित्र साधे असले तरी चालेल. पुण्या-मुंबईच्या रोजच्या उतारूला पंचवीस मिनिटांचे वचन मिळाले, त्या काळातही तो घाटातल्याच गाडीने आणि घाटातल्याच रस्त्याने ये-जा करीत होता. त्या गाडीचे डबे, त्या रस्त्याचा खांब अन् खड्डा, हेही भविष्यच आहे. फक्त ते चित्रात चांगले दिसत नाही.